अंपायर आणि एम्पायर, काही नातं आहे का?

गोंधळलेला_मामा

मंडळी, प्रश्न छोटा आहे पण दोन दिवस डोक्यात अडकून बसलाय. भाची आठवीत आहे. मॅच बघता बघता तिने विचारलं, मामा, अंपायर आणि एम्पायर हे एकच का रे? म्हणजे मैदानावर त्याचं राज्य असतं, त्याने बोट वर केलं की संपलं, म्हणून एम्पायरवरून अंपायर? मी लगेच हो म्हणून टाकलं (मामा लोकांना "माहीत नाही" म्हणायची सवय नसते) आणि वर मनचं एक वाक्य पण जोडलं, की साम्राज्य चालवतो तो एम्परर तसा मैदान चालवतो तो अंपायर. तिने ते वहीत लिहून घेतलं हो. आता ती वही शाळेत बाईंना दाखवणार आहे आणि इकडे माझी धडधड वाढलीय.

तर कोणी जाणकार सांगेल का की हा शब्द आला कुठून. आणि दुसरं, अंपायर आणि रेफरी यात नक्की फरक काय, कारण तिचा पुढचा प्रश्न तोच होता आणि तिथे मी फोन आल्याचं नाटक केलं.

लेगबाय

सोपं आहे की. पायचीत देतो तो अं-पायर. पुढचा "अं" म्हणजे बॉलर घसा फाडून अपील करत असताना तो विचार करतोय असं दाखवायला तोंडातून काढतो तो आवाज. हे पण वहीत लिहायला सांगा, बाई खूश होतील.

शब्दकीडा

मामा, वही लवकर परत मागवा. एम्पायरशी काडीचा संबंध नाही. एम्पायर आला लॅटिन 'इम्पेरियम'वरून, म्हणजे हुकूम, सत्ता, आणि एम्परर त्याच घरातला. अंपायरचं घर वेगळं, गल्ली वेगळी. आणि गंमत म्हणजे अर्थ जवळजवळ उलटा आहे, तो राजा वगैरे मुळीच नव्हता, तो होता 'जोडीत न बसणारा माणूस'.

आता नीट सांगतो, थोडं लांबेल.

जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' असा शब्द होता. नॉन म्हणजे नाही, पेर म्हणजे समान, बरोबरीचा. हा पेर लॅटिन 'पार'वरून आला आणि त्याची बाकी पिल्लं तुम्ही रोज वापरता, पेअर म्हणजे जोडी, पिअर म्हणजे बरोबरीचा (पिअर प्रेशर मधला), कम्पेअर, गोल्फमधला पार. तर नॉनपेर म्हणजे जो बरोबरीचा नाही, जोडीतला नाही, दोघांच्या भांडणात जो वरचा तिसरा आहे तो. दोघांचं एकमत होईना की याला बोलवायचं आणि हा ज्या बाजूला झुकेल ती बाजू खरी. बस, एवढंच काम. हुकूमत नाही, फक्त बरोबरी फोडायची.

हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा 'नूम्पेर' असा होता. सुरुवातीला चक्क न. मग हा न गेला कुठे? तर तो शेजारच्या शब्दाने पळवला. इंग्रजीत एकवचनी नामाच्या आधी 'अ' किंवा 'अ‍ॅन' लागतो, स्वर असेल तर 'अ‍ॅन'. आता लोक म्हणायचे 'अ नूम्पेर'. पटकन बोललं की ऐकणाऱ्याला कळेना की हा 'अ नूम्पेर' म्हणाला का 'अ‍ॅन ऊम्पेर' म्हणाला, कानाला दोन्ही सारखंच. बहुतेक लोक लिहीत-वाचत नव्हते, शब्द कानावरच चालायचा, त्यामुळे कोणी इकडे तोडला कोणी तिकडे. काही काळ दोन्ही रूपं एकत्र नांदली, नंतर न नसलेलं रूप जिंकलं आणि त्याचं हळूहळू अंपायर झालं. म्हणजे आज आपण 'अ‍ॅन अंपायर' म्हणतो त्यातला 'अ‍ॅन'चा न हा खरं तर अंपायरच्याच घरातून चोरलेला माल आहे.

नूम्पेर हे रूप विल्यम लँगलंडच्या 'पियर्स प्लाउमन' या चौदाव्या शतकातल्या दीर्घकाव्यात सापडतं, आणि तिथला प्रसंग इतका छान आहे की क्रिकेटपेक्षा भारी वाटतो मला. दारूचा गुत्ता आहे. एक जोडे शिवणारा आपला झगा काढून ठेवतो, एक घोड्यांची निगा राखणारा आपली टोपी ठेवतो, आणि दोघं म्हणतात चला अदलाबदल करू. आता झगा जास्त किमतीचा का टोपी, आणि फरकाचं काय, यावर किंमत करायला बसवलेल्या लोकांचं काही केल्या जमेना. शेवटी तिथेच बसलेल्या रॉबिन नावाच्या दोर वळणाऱ्याला उठवतात आणि सांगतात की बाबा तू आमचा नूम्पेर. बस. पांढरा कोट नाही, टोपी नाही (टोपी तर वादातच होती), गुत्त्यातला एक तिसरा माणूस.

निळी_शाई

+१, मस्त लिहिलंय शब्दकीडा. मी भाषांतराची कामं करते, कराराची कागदपत्रं बरीच येतात, तिथे अंपायर हा शब्द पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं टायपिंगची चूक आहे. कंपन्यांच्या करारात क्रिकेट कुठून आलं? पण कायद्यात हा शब्द जुनाच आहे आणि तिथे त्याचा मूळ अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे.

लवादात, म्हणजे कोर्टाबाहेर वाद मिटवतात तिथे, काय होतं, दोन्ही पक्ष आपापला एक एक लवाद नेमतात. म्हणजे झाले दोन. दोघांचं पटलं तर उत्तम, नाही पटलं तर विषय तिसऱ्याकडे, त्याला म्हणतात अंपायर. इंग्लंडच्या १९९६ च्या लवाद कायद्यात अंपायरसाठी वेगळं कलम आहे, दोन लवादांचं एकमत झालं नाही की त्यांनी तसं कळवायचं आणि मग अंपायर त्यांची जागा घेऊन एकट्याने निर्णय द्यायचा. गंमत बघा, एकमत असेपर्यंत अंपायरचं काही काम नाही, तो नुसता बसून असतो. आणि त्याच कायद्यात असंही आहे की करारात लवादांची संख्या दोन किंवा कुठलीही सम लिहिली असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर आणखी एक जण अध्यक्ष म्हणून धरायचा. म्हणजे सम चालत नाही, विषम करून घ्यायचं! शब्दकीडा म्हणतायत तेच, जोडीत न बसणारा.

मी त्या भाषांतरात आधी 'पंच' लिहिलं होतं, नंतर खोडून 'निर्णायक त्रयस्थ' केलं. संपादकांनी ते परत खोडून 'अंपायर' केलं. चालायचंच.

टेनिसएल्बो

रेफरीचं मी सांगतो कारण मी हौशी स्पर्धांमध्ये लाईनवर उभा राहिलोय आणि लोक मला रेफरी म्हणतात तेव्हा डोकं फिरतं.

रेफरी म्हणजे ज्याच्याकडे विषय 'रेफर' केला जातो तो. शेवटचं 'ई' आहे ना ते एम्प्लॉयी मधलं, ज्याला काम दिलं तो एम्प्लॉयी, ज्याच्याकडे प्रश्न पाठवला तो रेफरी. सतराव्या शतकातला शब्द आहे आणि तोसुद्धा आधी खेळातला नव्हता, अर्ज वगैरे तपासायला ज्यांच्याकडे पाठवत ते रेफरी. म्हणून नोकरीच्या फॉर्ममध्ये "दोन रेफरींची नावं द्या" असं असतं ते, तिथे शिट्टीवाला माणूस अपेक्षित नसतो, तुमच्याबद्दल ज्याला विचारता येईल असा माणूस अपेक्षित असतो. अमेरिकन लोक तिथे रेफरन्स म्हणतात. संशोधनाचे पेपर तपासणारे पण रेफरीच.

टेनिसमध्ये दोन्ही असतात आणि मोठा कोण याचा लोकांचा अंदाज हमखास चुकतो. उंच खुर्चीत बसलेला असतो तो चेअर अंपायर. बॉल आत पडला का बाहेर, टप्पा दोनदा पडला का, असल्या घडलेल्या गोष्टींवर त्याचं म्हणणं शेवटचं. पण नियमाचा अर्थ काय लावायचा यावर वाद झाला तर खेळाडू म्हणतो रेफरीला बोलवा, आणि मग कोर्टाबाहेरून एक माणूस येतो, तो रेफरी, संपूर्ण स्पर्धेचा. बॅडमिंटनमध्ये पण तसंच, कोर्टापुरता अंपायर आणि सगळ्यावर देखरेख रेफरीची. फुटबॉलमध्ये मात्र मैदानात पळणाराच रेफरी.

एक ढोबळ नियम सांगतात की एका जागी उभा किंवा बसलेला तो अंपायर आणि खेळाडूंबरोबर धावतो तो रेफरी. क्रिकेट, बेसबॉल, टेनिस इथे अंपायर, फुटबॉल, बॉक्सिंग, कुस्ती इथे रेफरी. पण यावर विसंबू नका, हॉकीतले अंपायर चांगले धावतात, आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले तर विचारू नका. स्नूकरचा रेफरी टेबलाभोवती पावलं मोजत फिरतो. आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये एकाच मैदानावर एक रेफरी आणि एक अंपायर असे दोन वेगळे लोक असतात, तिथे नियम पार झोपतो. त्यापेक्षा सरळ खेळागणिक पाठ करायचं.

लेगबाय

क्रिकेटमध्ये मॅच रेफरी पण असतो की, तो कुठे धावतो? एसीत बसून दंड करतो.

टेनिसएल्बो

तो वेगळा. तो आऊट-नॉटआऊट ठरवत नाही, खेळाडूंची वागणूक, संथ ओव्हर्स असल्या गोष्टी बघतो. मैदानावरचे अंपायर त्याच्याकडे तक्रार 'रेफर' करतात, म्हणजे नाव बरोबरच आहे.

शब्दकीडा

टेनिसएल्बो, फुटबॉलचं तुम्ही घाईत सोडलंत, तिथेच तर खरी मजा आहे. फुटबॉलमध्ये पण आधी अंपायरच होते हो! दोन, प्रत्येक टीमने आपला आपला आणलेला. आपला माणूस म्हटल्यावर तो आपल्या बाजूनेच बोलणार, मग दोघांचं जुळलं नाही की मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे प्रश्न पाठवायचा, तो रेफरी. १८९१ मध्ये या तिसऱ्याला मैदानात आणलं, सगळे निर्णय त्याच्याकडे दिले, आणि दोन्ही अंपायरना रेषेवर पाठवलं, ते झाले लाईन्समन.

आता नीट बघा काय झालंय. दोघांचं पटेना म्हणून तिसऱ्याने ठरवायचं, हे काम शब्दाच्या उगमाप्रमाणे कुणाचं? अंपायरचं. पण फुटबॉलमध्ये ते काम करणाऱ्याला म्हणाले रेफरी, आणि जे दोघं भांडत होते त्यांना म्हणत होते अंपायर. नावं बरोब्बर उलटी. म्हणून मी नेहमी म्हणतो की उगम माहीत असावा पण उगमावरून आजचा अर्थ ठरवायला जाऊ नये, शब्द काही आपल्या जन्मदाखल्याप्रमाणे वागत नाहीत.

क्रिकेटमध्ये अंपायर हा शब्द १७४४ च्या नियमांत आहेच, म्हणजे फुटबॉलच्या कितीतरी आधी.

अर्धा_शहाणा

हे न चोरण्याचं प्रकरण मला माहीत आहे! ऑरेंजचं पण तेच. आपलं नारिंग, त्याचं 'अ नॉरेंज', मग इंग्रजांनी तोडून 'अ‍ॅन ऑरेंज' केलं. म्हणजे न त्यांनी आपल्याकडून घेतला आणि हरवला. लूट चालूच होती.

शब्दकीडा

शहाणे, हे उदाहरण सगळीकडे फिरतं पण अर्धंच बरोबर आहे (नावाला जागलात). संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा इथपर्यंत न शाबूत आहे. पण तो इंग्रजीत यायच्या आधीच गेला होता, इटालियन आणि फ्रेंचमध्ये. तिथे पण एकवचनी उपपदाच्या, म्हणजे इंग्रजी 'अ‍ॅन'सारख्या शब्दाच्या, शेवटी न असतो, त्यामुळे प्रकार साधारण तोच झाला असावा, पण चोर इंग्रज नव्हेत. इंग्रजीला ऑरेंज हे न गेलेलंच मिळालं. चोरीचा माल विकत घेतला एवढाच गुन्हा.

खास इंग्रजीत झालेली उदाहरणं हवी असतील तर एप्रन घ्या, तो आधी 'नेप्रन' होता, नॅपकिनचा सख्खा नातेवाईक, नॅपकिनमध्ये न टिकला आणि एप्रनचा गेला. अ‍ॅडर हा विषारी साप, तो जुन्या इंग्रजीत न ने सुरू व्हायचा, जर्मनमध्ये अजून 'नाटर' आहे. आणि उलटं पण होतं, म्हणजे चोरी परत. निकनेम हा शब्द आधी 'एकनेम' होता, एक म्हणजे आपलं एक नव्हे, जुन्या इंग्रजीत 'ईक' म्हणजे जादा, वरचं. जादा नाव ते एकनेम. 'अ‍ॅन एकनेम'चं झालं 'अ नेकनेम' आणि मग निकनेम. इथे उपपदाचा न शब्दाला चिकटला. न्यूट नावाचा पालीसारखा प्राणी आहे, त्याचा पण न असाच फुकटात मिळालेला.

आणि मामा, खास तुमच्यासाठी. 'माईन अंकल' असं म्हणत असत तेव्हा, स्वराआधी माय ऐवजी माईन. त्याचं 'माय नंकल' झालं. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला विदूषक राजाला सारखा नंकल नंकल करतो ते हेच. एडवर्डचा नेड आणि एलनची नेल असेच 'माईन'मधून न घेऊन झाले. भाचीला सांगा तुम्हाला आजपासून नंकल म्हणायला.

गोंधळलेला_मामा

सांगितलं. म्हणायला लागली पण. धन्यवाद, फार उपकार झाले.

पण एक शंका. नॉनपेर म्हणजे 'ज्याच्या बरोबरीचं कोणी नाही' असा अर्थ का नाही घ्यायचा? म्हणजे अतुलनीय, अद्वितीय? तसं झालं तर माझं साम्राज्यवालं वाक्य अगदीच वाया नाही जाणार, थोडी इज्जत वाचेल.

शब्दकीडा

प्रयत्न चांगला होता. त्या अर्थाचा शब्द वेगळा आहे, 'नॉनपरेल', म्हणजे ज्याला तोड नाही असा, तोही याच पारच्या खानदानातला. पण अंपायरमधला नॉनपेर हा 'तोड नाही'वाला नाही, 'जोड नाही'वाला आहे. फ्रेंचमध्ये आजही विषम संख्येला 'अँपेर' म्हणतात, रूले नावाच्या जुगाराच्या टेबलावर सम-विषमवर पैसे लावतात तिथे हाच शब्द लिहिलेला असतो. तर अंपायर म्हणजे ग्रेट माणूस नव्हे, ऑड माणूस.

आणि ऑडवरून आठवलं, हे सांगायचं राहिलंच होतं. इंग्रजी 'ऑड' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, व्हायकिंग लोकांची भाषा. तिथे 'ओड्डी' म्हणजे त्रिकोण, टोक, म्हणजे दोन टोकं खाली आणि तिसरं वर सुटं. आणि त्याच भाषेत 'ओड्डामाद्र' म्हणजे ऑड-माणूस, ज्याचं मत निर्णायक धरलं जातं तो तिसरा. विचार करा, फ्रेंच वेगळे, नॉर्स वेगळे, पण दोघांनी भांडण मिटवणाऱ्याला एकच नाव दिलं, विषम माणूस. मला हे वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, बायको म्हणाली असल्या गोष्टींनी तुमची झोप उडते हे कुणाला सांगू नका.

निवृत्त_संस्कृतबाई

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, छान चाललंय. एक भर घालते.

शब्दकीडा, तुम्ही दोन भाषा सांगितल्या, तिसरी आपल्याच दारात आहे. नॉन-पेर याचं शब्दशः संस्कृत करा. पेर म्हणजे सम, नॉन म्हणजे वि. वि अधिक सम, विषम! इ नंतर आल्यामुळे स चा ष झाला एवढंच. लॅटिन पार आणि आपलं सम हे एका मुळाचे नाहीत, नुसता विचार सारखा आहे, पण सम आणि इंग्रजी 'सेम' मात्र खरोखर एका मुळाचे आहेत, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं की ते हटकून म्हणायचे, बाई सेम टू सेम.

आणि मराठीत तर याहून नेमका शब्द आहे, तुम्ही कोणी घेतला नाही म्हणून आश्चर्य वाटलं. तिऱ्हाईत. दोन पक्षांपैकी कुणाचाच नाही तो तिसरा, तो तिऱ्हाईत. आता आपण तो 'परका' एवढ्याच अर्थी वापरतो, "तिऱ्हाइतासारखं काय वागतोस" असं रागाने म्हणतो, पण न्याय करायला तिऱ्हाईतच लागतो ना. निळी शाई यांचं त्रयस्थ हेही तेच, तिसऱ्या जागी उभा असलेला. बाकीचे बघा कुठे कुठे उभे आहेत, मध्यस्थ मध्ये उभा, तटस्थ काठावर उभा. भांडण पाण्यात चाललंय आणि हा कोरडा. आणि पंच म्हणजे पाच, म्हणजे पुन्हा विषमच, मत फुटलं तरी तीन विरुद्ध दोन होणार, अडकणार नाही. तरीसुद्धा पंचायतीची 'पंचाईत' झालीच, यावरून काय ते समजा.

शब्द चुकीच्या जागी तोडण्याबद्दल पण सांगते, इंग्रजांना हसायला नको. असुर हा शब्द जुना, ऋग्वेदात तो देवांसाठीसुद्धा येतो. नंतर लोकांना वाटलं यातला 'अ' हा नकाराचा असणार, अ-सुर, मग जे असुर नाहीत ते कोण, तर सुर. म्हणजे सुर हा शब्द असुर तोडून तयार झाला. तसंच विधवा. हा एकसंध जुना शब्द, इंग्रजी विडो त्याचाच भाऊबंद. पण आपल्या लोकांनी वि-धवा असा तोडला, म्हणजे जिचा धव गेला ती, आणि धव म्हणजे नवरा असा नवा शब्द मिळाला. नवरा आधी गेला आणि शब्द नंतर जन्माला आला, असं आहे ते.

लेगबाय

बाई, दंडवत. "नवरा आधी गेला आणि शब्द नंतर जन्माला आला" हे मी कुठेतरी वापरणार, आधीच सांगून ठेवतो.

अर्धा_शहाणा

मी माझी ऑरेंजची लूट मागे घेतो. पण हेलिकॉप्टर चालेल ना? त्याचे तुकडे खरे 'हेलिको' आणि 'प्टर' असे आहेत, ग्रीक, म्हणजे पिळदार आणि पंख. लोकांनी तोडला हेली आणि कॉप्टर, म्हणून हेलिपॅड. हे तरी बरोबर आहे का?

शब्दकीडा

शंभर टक्के. आज पूर्ण शहाणे.

निळी_शाई

वापराबद्दल थोडं, कारण मूळ प्रश्नात नसलं तरी वही पूर्ण व्हायला हवी. अंपायर नाम म्हणून तर आहेच, पण इंग्रजीत ते क्रियापद पण आहे, 'टू अंपायर अ मॅच'. मराठीत आपण अंपायरिंग करणे म्हणतो. उच्चारात पहिला भाग 'अम', 'एम' म्हटलं की साम्राज्य सुरू होतं, गोंधळ तिथूनच आहे. आणि आधी नेहमी 'अ‍ॅन'.

मराठीत वर्तमानपत्रवाले पंच लिहितात, "पंचांनी त्याला पायचीत दिलं", एकच माणूस असला तरी आदरार्थी बहुवचन. अंपायर म्हटलं की मात्र आदर गायब, "अंपायरने ढापला". शब्द बदलला की माणसाची पत बदलते, हे मी भाषांतरात रोज बघते.

खेळाबाहेर पण चालतो तो शब्द. मिल्टनने तर 'पॅराडाईज लॉस्ट'मध्ये प्रत्यक्ष केऑसला, म्हणजे गोंधळालाच, अंपायर म्हणून बसवलंय आणि त्याच्या निर्णयांनी भांडण मिटायच्या ऐवजी आणखी चिघळतं. १६६७ सालचं काव्य आहे पण आजच्या मॅचला लावलं तरी खपेल.

लेगबाय

थांबा थांबा थांबा. मला आत्ता काहीतरी सुचलंय आणि ते गंभीर आहे. अंपायर म्हणजेच जर तिसरा माणूस, तर थर्ड अंपायर म्हणजे काय, तिसरा तिसरा??

शब्दकीडा

हाहा, मी या प्रश्नाचीच वाट बघत होतो. हो, शब्दशः तिसरा तिऱ्हाईत. म्हणजे मैदानावर दोन 'विषम' उभे, त्यांची झाली सम संख्या, मग सम झाली म्हणून परत एक विषम आणावा लागला, टीव्हीसमोर बसवून. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये डर्बनला भारत-दक्षिण आफ्रिका टेस्टमध्ये हा प्रकार पहिल्यांदा झाला आणि टीव्ही बघून रनआऊट दिलेला पहिला फलंदाज होता सचिन तेंडुलकर. आणि आता तर 'अंपायर्स कॉल' पण आहे. पायचीतच्या रिव्ह्यूमध्ये बॉल स्टंपला जेमतेम लागतोय, अर्ध्यापेक्षा कमी, असं दिसलं की मशीन म्हणतं मी नाही ठरवत, मैदानावरच्या माणसाने जे दिलं तेच राहू दे. म्हणजे दोन टीम भांडल्या, तिसऱ्याने निर्णय दिला, त्यावर मशीनकडे अपील केलं, आणि मशीनने परत त्या तिसऱ्याकडेच 'रेफर' केलं. इथे अंपायरच रेफरी झाला बघा.

टेनिसएल्बो

चौथा अंपायर पण असतो, नवीन बॉल वगैरे आणून देतो. तो चौथा तिसरा.

गोंधळलेला_मामा

अपडेट. वही बाईंकडे जायच्या आत मिळाली. भाचीने माझं वाक्य खोडलं नाही, त्याच्याखाली रेघ मारून लिहिलंय "हे मामाचं मत होतं", आणि पुढे नूम्पेर, झगा, टोपी, दोर वळणारा रॉबिन सगळं व्यवस्थित. विषम माणूस या शब्दावर तिला फार हसू आलं, घरात आम्ही तिघं असलो आणि काही ठरत नसलं की ती आता म्हणते "मी विषम आहे, मी ठरवणार". काल रिमोट त्याच मुद्द्यावर गेला.

एक प्रश्न तिने परत विचारलाय, की दोघं भांडताना तिसरा बोलावला आणि तिसराच भांडायला लागला तर त्याला इंग्रजीत काय म्हणतात?

लेगबाय

सासरा.

निवृत्त_संस्कृतबाई

लेगबाय, बाकावर उभे राहा.